गव्हाएवढा चुना

सुगंधा गेल्यापासून करंबळे रोज संध्याकाळी दही लावत होते, आणि ते खायला घरात कोणी नव्हतं. त्यांना स्वतःला दह्याची फारशी आवड नव्हती. पण कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण आजच्या दुधात घालायचं आणि आजच्यातलं उद्याच्या, हा क्रम सुगंधाने एकतीस वर्षं मोडला नव्हता. दवाखान्यात भरती झाल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती हीच, "अहो, दही लावलंत का?" त्यांनी लावलं होतं. त्याला आता चौदा महिने झाले. तेव्हापासून एकही दिवस चुकला नव्हता.

पद्धतही तिचीच. दूध कोमट करायचं, करंगळी बुडवून बघायची, विरजण घालायचं आणि मग गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना घालून ढवळायचं. तिचं माहेर चुना भाजणाऱ्यांचं. पहिल्या वेळी दिवस गेले तेव्हा तिच्या आईने सांगितलं होतं, हाडांना बरा असतो, रोज दह्यातून घे. ते मूल राहिलं नाही. पुढेही झालं नाही. चुन्याची सवय तेवढी राहिली.

गेल्या श्रावणात शेजारच्या शालन वहिनी वाटी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांचं विरजण नासलं होतं. करंबळ्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, काळ्या मातीच्या गाडग्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज लावलंच नाही, वहिनी."

वहिनींना गाडगं दारातून दिसत होतं. त्या रिकामी वाटी घेऊन परत गेल्या आणि त्यानंतर त्यांनी कधी काही मागितलं नाही.

करंबळ्यांना त्याचं वाईट वाटलं, पण देववलं नसतंच. दिलं तर ते कमी होईल, असं काहीतरी त्यांच्या मनात बसलं होतं.

*

करंबळे आधी गवंडी होते. गेली सव्वीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजच्या काँक्रीटच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. मुलं त्यांना मामा म्हणत. दर वर्षी मुलं बदलत, मामा तेच राहत.

त्या वर्षी मुलांनी होडी करायला घेतली होती. काँक्रीटची होडी. ऐकणारा हसतो, पण त्यात नवल काही नाही. लोखंडाची जहाजं तरंगतात ती आकारामुळे. आकार नीट असला आणि भिंत पातळ असली की काँक्रीटही तरंगतं. मुलांनी वाळूच्या जागी काचेचे पोकळ मणी वापरले होते, मोहरीपेक्षा बारीक. होडी सहा मीटर लांब आणि भिंत बोटभरही जाड नाही. स्पर्धेत ती आधी पाण्याने भरून बुडवायची, ती आपोआप वर यायला हवी. मग चौघांनी बसून वल्हवायची.

साच्यावर गिलावा चढवायचं काम मुलांनी करंबळ्यांना दिलं होतं. थापी हातात आली की हात गवंड्याचाच.

"मामा, तुम्ही बनवा, बुडवायला मी आहेच," इम्तियाज म्हणाला. तो पुढच्या वल्ह्यावर बसणार होता. "दोन सेमिस्टर बुडवलीत मी. अनुभव आहे."

"तू आधी हात धू," तेजल म्हणाली. "आणि त्या बाटलीला हात लावू नकोस."

तेजल बिडकर संघाची प्रमुख होती, शेवटच्या वर्षाची. मिश्रण तिचं, सगळा हिशोब तिचा, कागदांवर सहीही तिची. दिल्लीच्या एका मोठ्या संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. विषय हाच, जिवंत काँक्रीट.

जिवंत काँक्रीट येऊन तोवर दहा वर्षं झाली होती. नवे पूल, कालवे, पाण्याच्या टाक्या सगळं त्याचंच होत होतं. तेजलने एकदा मामांना ते समजावून सांगितलं होतं.

"यात जंतू असतात, मामा. बी असतं ना, तसे झोपलेले. काँक्रीटला तडा गेला की आत पाणी आणि हवा जाते. मग ते जागे होतात. त्यांचं खाणं आपण आधीच आत घालून ठेवलेलं असतं. ते खातात आणि त्याचा दगड करतात. चुनखडीच. तडा भरला की पाणी बंद, हवा बंद. परत झोपले."

"म्हणजे गवंडीच बसवलाय आत."

"हो. फक्त चहा मागत नाही."

"आणि खातात काय?"

"दह्याच्या आंबटपणात चुना मिसळला की जे तयार होतं ना, ते. कंपनी ते शुद्ध करून देते, बाटलीतून."

करंबळ्यांना ते फार आवडलं. त्या दिवसापासून ते घरचं दही घुसळून ताक करून मुलांसाठी आणू लागले. डबा टेबलावर ठेवला की दहा मिनिटांत रिकामा होई. इम्तियाज तर डब्याच्या कडा पुसून खाई.

होडीचा गिलावा झाला, ओलं गोणपाट पांघरलं. आता अठ्ठावीस दिवस ती ओली ठेवायची. पहिल्या तीन आठवड्यांत दर रविवारी तिच्यावर बाटलीतलं खाणं शिंपडायचं होतं. पण कंपनीकडचा माल आला नाही. आज येतो, उद्या येतो असं करत तो आलाच नाही.

"राहू दे," तेजल म्हणाली. "मिश्रणात थोडं घातलंय तेवढं पुरेल. तडे जरा हळू भरतील, बस."

"आणि हे?" करंबळ्यांनी होडीकडे हात केला. "आतले?"

"झोपतील, मामा. उपाशी झोपले तरी त्यांना काही होत नाही."

करंबळे गोणपाट नीट करत राहिले.

सुगंधाच्या खाटेच्या उशाशी शेवटचे नऊ दिवस एक पाटी होती. तोंडावाटे काहीही देऊ नये. तिला तहान लागायची. ती म्हणायची, "अहो, दोन घोट ताक द्या फक्त." डॉक्टर म्हणाले होते, घोटभरही छातीत जाईल. करंबळ्यांनी ऐकलं. घरून बाटलीत भरून आणलेलं ताक त्यांनी दोनदा बेसिनमध्ये ओतलं. डॉक्टरांचं बरोबरच होतं. त्यांनी पुढे अनेकदा स्वतःला हे सांगितलं.

रविवारी प्रयोगशाळेत कोणी नसे. गोणपाट भिजवायला मामाच येत. त्या रविवारी त्यांच्या पिशवीत एक कॅन होता. आठ दिवस आंबवलेलं ताक, त्यात विरवलेला चुना, आंबटपणा मरेपर्यंत ढवळलेलं, धोतराच्या फडक्यातून गाळलेलं. पिवळसर निवळ पाणी. त्यांनी ते पंपात भरलं आणि होडीवर आतून बाहेरून शिंपडलं.

"घ्या," ते म्हणाले.

पुढचे दोन रविवारही शिंपडलं. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. मुलांना ताक देतो, तसंच हे.

*

स्पर्धा कोयनेच्या फुगवट्यावर होती, बामणोलीच्या काठाला. टेम्पोत गाद्या घालून होडी निघाली. कासच्या अलीकडच्या उतारावर टेम्पो एका खड्ड्यात आदळला. काठावर पोचून बघतात तर तळाला तडा गेला होता. वीतभर लांब, केसाएवढा, पण आरपार.

इम्तियाज त्या दिवशी पहिल्यांदा काही विनोदी बोलला नाही.

तेजलने ओल्या फडक्याची पट्टी तड्यावर ठेवली. "एवढ्याला चार दिवस लागतात. खाणं कमी आहे, म्हणजे सहा धरा. उद्या दुपारी उतरायचंय. सकाळपर्यंत पाव भागही भरणार नाही."

"मग?"

"मग काय. भरला तेवढा भरला. बुडालो तर पोहत येऊ."

सकाळी सगळ्यांत आधी करंबळे उठले. फडकं उचललं. तड्याच्या जागी पांढरी रेघ होती. नखाने खरवडून बघितली, नख घसरलं. त्यांनी तांब्याभर पाणी ओतून खाली हात धरला. हात कोरडा राहिला.

मुलांनी केवढा दंगा केला. तेजल रेघेवरून परत परत बोट फिरवत होती आणि एकीकडे तिच्या कपाळाला आठी होती. "एका रात्रीत? कसं काय?" असं ती दोनदा म्हणाली. पण इम्तियाजने तिला ओढून नेलं.

करंबळे बाजूला उभे होते. खाल्लं त्यांनी, एवढंच त्यांच्या मनात आलं. गेल्या चौदा महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

*

प्रत्येक होडी पाण्यात जाण्याआधी तपासणी होती. तपासणीला सरकारच्या नोंदणी खात्याच्या शबनम तडवी आल्या होत्या. चाळिशीच्या, जळगावकडच्या, बोलायला सरळ. त्यांच्या हातात पेनाएवढं एक यंत्र होतं. ते काँक्रीटला टेकवलं की चिमूटभर भुकटी ओढून घेई आणि वीस मिनिटांत आत कोणकोण राहतं ते सांगे, नावनिशीवार.

हा कायदा उगीच झालेला नव्हता. पाच वर्षांपूर्वी परदेशातल्या एका बंदरात जिवंत काँक्रीटमध्ये भलताच जंतू शिरला होता. तो आम्ल तयार करणारा निघाला. काँक्रीटच्या आत चुन्याचा जो दाह असतो, तोच सळईला गंजापासून वाचवतो. त्या जंतूने तो दाह मारला. वरून एक तडा दिसत नव्हता, आत सळया गंजून गेल्या आणि एके दिवशी धक्का खचला. माणसं गेली. तेव्हापासून नोंद नसलेला जीव काँक्रीटमध्ये घालणं हा गुन्हा होता, मग ती होडी असो की धरण.

यंत्र वाजलं. तडवी मॅडमनी पडदा बघितला, परत बघितला आणि तेजलला हाक मारली.

"तुमच्या यादीत तीन जीव आहेत. इथे चार दिसतायत. चौथ्याची नोंदच नाही. आपल्याकडेही नाही, बाहेरही नाही."

"शक्य नाही, मॅडम," तेजल म्हणाली.

"मेलेला असता तर मी धूळ म्हणून सोडलं असतं. हा जिवंत आहे. आणि तुमच्या तिघांपेक्षा जोरात काम करतोय. तो तडा यानेच भरलाय. कुठून आणला?"

"मी नाही घातला. आईशप्पथ, मॅडम."

"घोषणापत्रावर सही तुमची आहे."

तेजलचा चेहरा उतरला. तडवी मॅडमचा आवाजही मग खाली आला. "हे बघा, मूळ कुठलं ते कळलं, तर कोणी काय केलं ते ठरवता येतं. नाही कळलं, तर जबाबदारी सही करणाऱ्याची. पाच वर्षं या क्षेत्रात काम करता येणार नाही. शिक्षणही नाही. मला तसं लिहावं लागेल."

पाच वर्षं म्हणजे दिल्ली गेली. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते कळलं. करंबळ्यांनाही.

त्यांनी घसा साफ केला. "मॅडम, मूळ सापडलं तर त्याचं काय करता?"

"सील. जिथे असेल तिथून सगळं उचलायचं. चौकशी होईपर्यंत आमच्या ताब्यात."

"सगळं?"

"थेंबसुद्धा मागे ठेवता येत नाही."

करंबळे काठाकडे चालत गेले. पाणी स्थिर होतं. पलीकडे कुठल्याशा कॉलेजची होडी बुडवत होते, पोरं ओरडत होती. त्यांनी वाकून हात धुतले, धुवायची गरज नव्हती तरी. त्यांनी तोंड उघडलं नाही तर कोणाला काय कळणार होतं? वीस जणांचे हात लागले होते होडीला. एका म्हाताऱ्याच्या घरातल्या दह्याच्या गाडग्यापर्यंत कोण पोचणार? घरी जायचं, दूध कोमट करायचं, करंगळी बुडवायची. एक दिवसही चुकणार नाही.

मागे तेजल कुणाला तरी सांगत होती, "नाही रे, रडत नाहीये मी."

करंबळे परत आले. ओले हात सदऱ्याला पुसत त्यांनी सांगितलं, "मॅडम, ते मी घातलंय. ताक आहे. माझ्या घरचं."

आधी कोणालाच कळलं नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं. कॅन, चुना, फडकं, तीन रविवार. तडवी मॅडम लिहून घेत होत्या. तेजल ऐकत होती.

"मामा, मी सांगितलं होतं ना, झोपू द्या म्हणून?"

"सांगितलं होतंस."

"मग? मला एका शब्दाने विचारायचं होतं. एका शब्दाने! मी नाही म्हटलं असतं."

"म्हणून विचारलं नसेल," ते म्हणाले. तेव्हाच त्यांनाही ते पहिल्यांदा कळलं. "उपाशी ठेवायचं मला जमत नाही, पोरी."

"ते जंतू आहेत, मामा!"

तेजल पाठ फिरवून निघून गेली.

तिच्यावरचा ठपका गेला, चौकशी मामांच्या नावावर लागली. पण होडी स्पर्धेतून बाद झाली. पाण्याला लावायचीही परवानगी नव्हती. वर्षभर खपून केलेली होडी चौघांनी खांद्यावर घेतली आणि कोरडीच परत टेम्पोत नेऊन ठेवली. इम्तियाज मामांच्या शेजारी येऊन बसला.

"मामा, ते ताक आम्ही पण प्यायलोय. आमचे तडे पण भरतील का हो?"

कोणी हसलं नाही. पण तो शेजारी बसून राहिला, घर येईपर्यंत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तडवी मॅडम करंबळ्यांच्या घरी आल्या. सोबत बर्फाची पेटी, हातमोजे, पिशव्या. आणि तेजल.

"मी येऊ का विचारलं मॅडमना," ती दारातूनच म्हणाली. मामांच्या डोळ्यांकडे तिने बघितलं नाही.

करंबळ्यांनी गाडगं फळीवरून काढून दिलं. तेजलने आत वाकून बघितलं. "चुना यात रोज घालता?"

"ती घालायची. एकतीस वर्षं. गव्हाएवढा."

"रोज?"

"रोज."

तेजल चुलीजवळच्या पाटावर बसली. मग बोलायला लागली, मामांना समजावून सांगताना बोलायची तशी. घरच्या दह्यात एकच जंतू नसतो. दही करणारे असतात आणि त्यांच्यासोबत इतर अनेक, हवेतून आलेले, मडक्याच्या मातीतले. त्यातले काही बी होऊन झोपू शकणारे. रोज चुना पडला तर ज्यांना तो सोसत नाही ते मरतात. ज्यांना थोडा सोसतो ते उरतात. दुसऱ्या दिवशी विरजण उरलेल्यांचंच. परत चुना. असं एक दिवस, दोन दिवस नाही, अकरा हजार दिवस.

"मोठमोठ्या प्रयोगशाळा हेच करतात, मामा. पण एकतीस वर्षं रोज, एक दिवस न चुकता? कोणी केलेलं नाही. कोणाला धीरच नसतो." तिचा आवाज बदलला होता. "चुन्यात राहायला शिकलेला जीव आहे हा. काँक्रीट म्हणजे याचं घरच. सळईला त्रास देतो की नाही, ते बघावं लागेल. वर्ष-दीड वर्ष लागेल. मॅडम, मी तपासणीसाठी अर्ज करू शकते ना?"

"करा," तडवी मॅडम म्हणाल्या. "मंजूर होईल की नाही, सांगत नाही."

गाडगं पिशवीत गेलं, पिशवी पेटीत. मातीच्या भोकांतही जीव असतो, म्हणून गाडगंही न्यावं लागणार होतं. रवी, चमचा, फडकं, सगळं गेलं.

"याला रोज लावावं लागतं, मॅडम."

"उणे ऐंशीला ठेवतो आम्ही. काही होत नाही. झोपून राहतं."

करंबळ्यांनी मान हलवली. तेजलने खाली बघितलं. ओठ आवळून ती पिशव्यांवर क्रमांक घालत राहिली.

शेवटी फॉर्म होता. चौदाव्या रकान्यात विचारलं होतं, हा जीव अन्यत्र कुठे असल्यास ठिकाणं लिहा. करंबळ्यांनी लिहिलं, कुठेही नाही. ते खरंच होतं. तसं राहावं याची त्यांनी स्वतः काळजी घेतली होती. मॅडमनी आपला नंबर देऊन ठेवला, काही आठवलं तर कळवा म्हणाल्या.

निघताना तेजल दारात थांबली. "मामा, माझा राग गेलेला नाही."

"नको जाऊ देऊस."

"उद्या येताय ना लॅबला? चाचणीचे क्यूब भिजवायचेत."

"येतो."

*

संध्याकाळ झाली. दूधवाला दूध घालून गेला. करंबळ्यांनी सवयीने ते तापवलं, निवायला ठेवलं आणि फळीकडे हात नेला. फळीवर गाडग्याच्या बुडाचा काळा गोल उमटलेला होता. चुन्याची डबी तेवढी शेजारी होती.

मग वाटी घेतली, चप्पल घातली आणि शेजारचं दार वाजवलं.

"भावजी? या की."

"वहिनी, चमचाभर विरजण मिळेल का?"

शालन वहिनींनी वाटीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "माझ्याकडचं चालेल तुम्हाला? तुमच्या घरच्यासारखं नाही हं ते. आज लावलंच नव्हतं बहुतेक मी."

करंबळे मान खाली घालून उभे राहिले.

"बसा," वहिनी म्हणाल्या आणि वाटी हातातून घेतली. त्यांनी फळीवरचं पातेलं काढलं, झाकण उघडलं. पातेल्याशेजारी एक छोटी पत्र्याची डबी होती. करंबळे बसता बसता थांबले.

"ते काय आहे?"

"चुना. खायचा. गव्हाएवढा घालते रोज. हे काय विचारणं झालं? सुगंधानेच लावलेली सवय."

"आणि विरजण कुठलं?"

"तुम्ही तर नाही म्हणालात. मग काय करते, कमळाकडनं आणलं, धनगर गल्लीतल्या. तिला सुगंधानेच दिलेलं, महापुराच्या वर्षी, वीस वर्षं झाली त्याला. सगळ्यांची भांडीकुंडी वाहून गेली होती, तेव्हा सुगंधा पातेलं घेऊन घरोघर फिरली. ते परत इकडं आलं, तिकडं गेलं. माझ्या बहिणीकडं आहे, शाळेतल्या बाईंकडं आहे, डेअरीवाल्याच्या सुनेनं कालच नेलं. तुमच्या बायकोचा हात काय आखडता होता का?"

करंबळे पाटावर बसले. बसले ते उठेनात. वहिनी आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तो त्यांच्यासमोर ठेवला आणि कोथिंबीर निवडत बसल्या.

तांब्या रिकामा करून ते म्हणाले, "श्रावणात मी खोटं बोललो, वहिनी."

"माहीत आहे मला. गाडगं दिसत होतं." त्यांनी देठ बाजूला टाकले. "घेऊन जा. दूध थंड होईल."

घरी येऊन करंबळ्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. दुधाला अजून वाफ होती. हे विरजण लावलं तर कोणाला काय कळणार होतं? उलट हे तर सगळं परत आलेलं होतं. पण चौदाव्या रकान्यात त्यांच्या अक्षरात 'कुठेही नाही' लिहिलेलं होतं. आणि न सांगता काही केलं की ते कोणाच्या सहीवर जाऊन पडतं, ते त्यांनी नुकतंच बघितलं होतं.

त्यांनी नंबर लावला.

"मॅडम, करंबळे बोलतोय. फॉर्ममध्ये माझ्याकडून चूक झालीय. चौदावा रकाना. आहे ते अजून."

"कुठे? घरात?"

"नाही. गावात."

"किती ठिकाणी?"

"मला कळलेली पाच घरं. त्यांनी पुढे कोणाकोणाला दिलंय ते विचारून सांगतो."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"किती वर्षं आहे त्यांच्याकडे?"

"कुठे कालच गेलंय, कुठे वीस वर्षं झाली. तिला देताना कोणी मोजायला नव्हतं."

"आणि ते काय करतात त्याचं?"

"काय करणार, मॅडम? खातात."

मग तडवी मॅडम हळूहळू, एकेक शब्द जुळवून बघत असल्यासारखं म्हणाल्या, "वीस वर्षं लोक खातायत, म्हणजे ते अन्न झालं. अन्न माझ्या कायद्यात येत नाही. काँक्रीटमध्ये गेलं तर येतं." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्या घरात परत लावलं तर मी काही म्हणू शकत नाही, करंबळे. होडीवर शिंपडू नका म्हणजे झालं. पण यादी मला पाहिजे. सगळी. एवढ्या लोकांनी एवढी वर्षं खाल्लेलं आहे, हे त्या मुलीच्या अर्जाला जोडायचं तर कागदावर हवं."

"देतो की. एक मिनिट थांबता का, मॅडम? दूध निवतंय."

त्यांनी फोन ओट्यावर ठेवला. करंगळी दुधात बुडवली. बरोबर होतं. गाडगं नव्हतं म्हणून स्टीलच्या डब्यातच विरजण घातलं, डबीतून गव्हाएवढा चुना घेतला, ढवळलं आणि वर झाकण ठेवलं. हात पुसून फोन परत कानाला लावला.

"हं, घ्या लिहून. पहिलं घर आमचंच लिहा. आत्ताच लावलंय."